माझी साडेचौदा किलोची बॅग आणि किलिमांजारो

मी फिजिओथेरपिस्ट आहे. कुणी ओझं उचललं की माझी नजर आधी त्याच्या मानेकडे आणि मग गुडघ्यांकडे जाते. किलिमांजारोच्या सात दिवसांच्या गाईडेड ट्रेकबद्दलही मी तिथूनच लिहिणार आहे. शिखराचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. पण कंपनीला आपण जे पैसे देतो त्यातले बरेचसे आपलं सामान, तंबू, शिधा आणि पाणी रोज एका कॅम्पवरून पुढच्या कॅम्पवर पोचवण्यासाठी असतात. ते काम आमच्या कंपनीने कसं केलं, त्याचा हा अभिप्राय आहे.

कंपनीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. माझ्या तक्रारी मी त्यांना ईमेलने कळवल्या आहेत आणि त्यांचं उत्तर अर्धंच आलंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढं सांगते, की टांझानियात किलिमांजारोवर परवानाधारक गाईडशिवाय जाता येत नाही. त्यामुळे कंपनी निवडणं हा ट्रेकचाच भाग आहे. मी आणि माझी भाची, आम्ही दोघीच होतो. आम्ही माचामे मार्ग घेतला, सात दिवस सहा रात्रींचा. आमच्याबरोबर दोन गाईड, एक स्वयंपाकी आणि आठ पोर्टर, म्हणजे ओझी वाहणारे, होते. दोघींसाठी अकरा माणसं हे ऐकून मी आधी संकोचले. मग पायथ्याच्या मोशी शहरातल्या हॉटेलच्या अंगणात सामानाचा ढीग पाहिला: तंबू, गॅसच्या टाक्या, टेबल-खुर्च्या, टॉयलेटचा वेगळा तंबू, तेरा जणांचा शिधा. तेव्हा आकडा पटला. उलट कुणी कंपनी दोघांसाठी चार-पाच पोर्टर पुरतात म्हणाली, तर उरलेलं वजन कुणाच्या डोक्यावर जाणार, हे जरूर विचारा.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मुख्य गाईडने आमच्या बॅगा अक्षरशः रिकाम्या करायला लावल्या. हा या कंपनीचा सगळ्यात चांगला भाग. प्रत्येक वस्तू हातात घेऊन तो विचारायचा, ही कुठल्या दिवशी लागेल? माझी बॅग टांगत्या काट्यावर १७ किलो २०० ग्रॅम भरली. मर्यादा १५ किलोची. जास्तीचे बूट, एक पुस्तक, दुसरा थर्मास आणि कपड्यांचा एक जोड हॉटेलच्या लॉकरमध्ये गेला आणि साडेचौदा किलो उरलं. पार्कच्या नियमाप्रमाणे एका पोर्टरला २० किलोपर्यंतच ओझं देता येतं आणि ट्रेकरच्या बॅगेबरोबर त्याला इतरही काही उचलायचं असतं. म्हणून आपले दोन किलो हे नुसते आपले नसतात. बॅग मऊ डफल हवी, चाकांची किंवा कडक फ्रेमची नको. ती डोक्यावर किंवा खांद्यावर जाते, आणि कडक कडा तिथे रुततात.

दुसऱ्या दिवशी माचामे गेटवर, म्हणजे सुमारे १८०० मीटरवर, पुन्हा वजन. पोर्टर रांगेत उभे राहून एकेक ओझं काट्यावर ठेवत होते. आम्हाला दीड-दोन तास थांबावं लागलं. काही मंडळी वैतागली होती, मी मात्र काट्याजवळच उभी राहिले. माझी बॅग ज्याच्याकडे आली तो मुलगा पंचविशीचा असेल. त्याने ती मोठ्या पोत्यात घातली, वर घडीचं टेबल बांधलं आणि सगळं डोक्यावर घेतलं. स्वतःची सॅक पाठीला. ओझं मणक्याच्या रेषेत असलं की कंबरेवर ताण कमी येतो, हे मी रोज शिकवते. इथे ते डोळ्यांसमोर होतं. पण तेच ओझं घेऊन चिखलातल्या उंच पायऱ्या उतरताना मान सरळ ठेवून पायाखालचं पाहता येत नाही, हेही दिसलं. पायाने चाचपत पाऊल टाकायचं. हे सात दिवस.

रोजचा क्रम ठरलेला. सकाळी साडेसहाला तंबूशी चहा आणि तोंड धुवायला गरम पाण्याचं भांडं, साडेसातला नाश्ता, आठला आम्ही निघायचं. मोठी बॅग त्याआधी भरून तंबूबाहेर ठेवायची. आमच्या मागे सगळा कॅम्प उतरवला जाई आणि तासाभरात तीच माणसं आम्हाला ओलांडून पुढे जात. मागून 'पोर्टर!' अशी हाक आली की डोंगराच्या बाजूला सरकून उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही. आम्ही पोचायच्या आत तंबू उभा, बॅग आत. सहाच्या सहा कॅम्पवर एकदाही आम्हाला तंबूसाठी ताटकळावं लागलं नाही.

आपल्या पाठीवर फक्त दिवसाची सॅक असते. तीन लिटर पाणी, पावसाळी जाकीट, एक उबदार थर, औषधं, हेडलॅम्प. मोठी बॅग संध्याकाळपर्यंत भेटत नाही, हे पक्कं डोक्यात ठेवून सॅक भरा. भाचीने पहिल्या दिवशी पावसाळी पँट मोठ्या बॅगेत टाकली आणि जंगलात दुपारी पाऊस आला.

चालण्याचा वेग गाईड ठरवतो. 'पोले पोले', म्हणजे हळूहळू. त्यांची भाषा स्वाहिली, आणि तिने आमची फार करमणूक केली. वयाने मोठ्या बाईला आदराने 'मामा' म्हणतात, म्हणून भाचीची मावशी सात दिवस मामा झाली. भाचीने आपल्या सवयीने गाईडला 'दादा' म्हटलं, तर सगळे पोर्टर खो खो हसायला लागले. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण! भावाला म्हणायचं 'काका'. चहा मात्र चायच, चपाती चपातीच.

जेवणाबद्दल थोडक्यात. शाकाहारी सांगितलं होतं, शाकाहारी मिळालं. रोज सूप, भात किंवा पास्ता, भाज्या, फळं. वर भूक मरते, तेव्हा सूपच खपतं. कर्मचाऱ्यांसाठी उगाली शिजायची, मक्याच्या पिठाची घट्ट उकड. मी एकदा मागून खाल्ली आणि मला ती आमच्या पास्त्यापेक्षा आवडली.

आता तक्रार. तिसऱ्या दिवशी मार्ग शिरा कॅम्पवरून सुमारे ४६०० मीटरच्या लाव्हा टॉवरपर्यंत चढतो आणि झोपायला पुन्हा बारांको कॅम्पला, साधारण ३९०० मीटरवर उतरतो. दिवसा उंच जायचं, रात्री खाली झोपायचं, म्हणजे शरीर विरळ हवेला सरावतं. माचामे मार्गाची ही आखणी मला फार आवडली. पण उतरताना दोन तास गारांचा पाऊस लागला. बारांकोत तंबूत शिरले तर माझ्या बॅगेची एक बाजू चिंब आणि स्लीपिंग बॅगचा पायाकडचा भाग ओला. बॅगांवर वॉटरप्रूफ आवरण असेल, असं कंपनीने लेखी दिलं होतं. आवरण होतं, शिवणीत फाटलेलं. टांझानियात २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, म्हणून मी त्या नेल्याच नव्हत्या. ड्राय बॅग, म्हणजे आत पाणी न शिरणाऱ्या पिशव्या, न्यायला हव्या होत्या. तुम्ही न्या, कंपनी काहीही म्हणो.

गाईडला सांगितलं. दहा मिनिटांत कोरडी स्लीपिंग बॅग आली. मी आभार मानले आणि झोपले. पहाटे टॉयलेटला उठले तेव्हा जेवणाच्या तंबूत उजेड होता. आत माझी बॅग वाहणारा तो मुलगा जाकीट, टोपी घालून, दोन घोंगड्या लपेटून बसला होता. रात्री मी ज्यात झोपले ती त्याची स्लीपिंग बॅग होती. बाहेर तंबूवर दव गोठलं होतं.

मी सकाळी गाईडशी बोलले, आवाज न चढवता पण स्पष्ट. तो म्हणाला, मामा, तुम्ही आजारी पडलात तर ट्रेक संपतो. त्याच्या बाजूने ते खरंही होतं. पण अकरा माणसांच्या चमूबरोबर एक जादा स्लीपिंग बॅग न देणं ही कंपनीची चूक आहे. तिचा भार सगळ्यात कमी पगाराच्या माणसावर पडला, आणि मला दिलेली स्लीपिंग बॅग कुणाची आहे हे मला कुणी सांगितलं नाही. चौथ्या दिवसाची चाल छोटी असते. आम्ही दुपारी कारांगा कॅम्पला पोचलो, कडक ऊन होतं, खडकावर माझी स्लीपिंग बॅग पसरली आणि तीन तासांत ती वाळली. त्याची त्याला परत दिली. त्याने घडी पाहून मान डोलावली, एवढंच.

त्याच सकाळी बारांकोची भिंत चढलो होतो. अडीचशे मीटरचा खडक, दोन्ही हात लागतात. माझे दोन्ही हात खडकावर आणि शेजारून तीच माणसं एका हाताने डोक्यावरचं ओझं सावरत चढत होती. त्यातल्या एकाच्या बुटाचा तळवा पुढून सुटलेला होता. दुसऱ्या कंपनीचा होता तो. आमच्या आठही जणांचे बूट धड होते, हे मी नंतर मुद्दाम पाहिलं.

कारांगाच्या पुढे पाणी नाही. बाराफू कॅम्पवर, ४६०० मीटरच्या वर, लागणारं सगळं पाणी कारांगाच्या ओढ्यातून भरून डोक्यावरून येतं. बाराफूत मला मिळालेला चहा असा वर आलेला होता. तिथे केस पुसायलाही मी पाणी मागितलं नाही.

शिखराच्या रात्री मोठी बॅग बाराफूतच राहते. साडेअकराला दोन्ही गाईडसह निघालो. दोन ट्रेकरमागे दोन गाईड का हवेत, ते सकाळी सहाला शिखराच्या थोडं अलीकडे, स्टेला पॉइंटवर कळलं. तिथे, म्हणजे ५७५६ मीटरवर, भाचीला उलटी झाली आणि ती सरळ रेषेत चालेना. मुख्य गाईडने एका मिनिटात निर्णय घेतला, सहायकाबरोबर तिला खाली पाठवलं. ती रडली, मीही तिच्याबरोबर उतरायला निघाले होते. तिनेच मला ढकललं. हजार मीटर खाली गेल्यावर ती खडखडीत बरी झाली. एकच गाईड असता तर दोघींनाही उतरावं लागलं असतं किंवा तिला एकटीला थांबावं लागलं असतं, आणि दुसरा विचार माझ्या अंगावर काटा आणतो. मी सात वाजता उहुरूला, म्हणजे शिखराच्या सर्वोच्च टोकाला, ५८९५ मीटरवर, पोचले. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास असतो. दहा मिनिटं थांबले, फोटो काढला, निघाले.

उतरण्याबद्दल कंपन्या फारसं सांगत नाहीत. शिखरावरून त्याच दिवशी म्वेका कॅम्पपर्यंत, जवळजवळ २८०० मीटर उतरायचं असतं. माझ्या व्यवसायातल्या भाषेत, हा मांडीच्या पुढच्या स्नायूंवरचा सगळ्यात वाईट प्रकारचा ताण. काठ्या उतारावर थोड्या लांब करा, आणि ट्रेकच्या तयारीत पायऱ्या चढण्याइतकाच उतरण्याचा सराव करा.

शेवटी टिप. कंपनीच्या सूचनेत होतं, सगळी रक्कम एका पाकिटात मुख्य गाईडकडे द्या. मला ते पटलं नाही. मी हुद्द्यानुसार कागदावर यादी केली आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची विनंती केली. मुख्य गाईड लगेच तयार झाला, मला तर वाटलं त्याला बरंच वाटलं. प्रत्येकाने आपला आकडा स्वतःच्या कानांनी ऐकला. पोर्टरांच्या पगारावर, जेवणावर आणि ओझ्यावर लक्ष ठेवणारी किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट ही संस्था तिथे २००३ पासून काम करते. आमची कंपनी तिच्या भागीदारांत आहे का, हे मी बुकिंगच्या वेळी विचारलंच नव्हतं. विचारायला हवं होतं. कमी दर लावणाऱ्या कंपन्यांच्या बाबतीत तर नक्कीच. पार्कची फी सगळ्यांना सारखीच भरावी लागते, त्यामुळे स्वस्ताई बहुतेक वेळा पोर्टरांच्या पगारातून आणि ताटातून येते.

पाचपैकी साडेतीन तारे. गाईड, बॅगेची तपासणी आणि वेळेचं नियोजन यांना मी पूर्ण गुण देते. ईमेलच्या उत्तरात कंपनीने फाटलेली आवरणं बदलल्याचं आणि टिपेची सूचना दुरुस्त केल्याचं कळवलंय. जादा स्लीपिंग बॅगेबद्दल एक ओळही नाही. मी पुन्हा लिहिलंय. उत्तर आलं की तारे बदलेन.