शाळेची इटली सहल: बसने पाच शहरं, की बोलोन्यात मुक्काम?

शाळेचा गट इटलीला न्यायचा ठरला की पालकसभेत बहुतेक एकच आराखडा येतो: रोम, पिसा, फ्लॉरेन्स, व्हेनिस, मिलान, सगळं एका बसने आणि जवळजवळ रोज नवं हॉटेल. दुसरा पर्याय फारसं कोणी मांडत नाही. एखाद्या मध्यम शहरात, माझ्या मते बोलोन्यात, मुक्काम ठोकायचा, रोज सकाळी रेल्वेने आसपासच्या गावी जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. आठवी-नववीच्या मुलांना मी दोन्ही प्रकारे घेऊन गेलो आहे. व्हिसा, विमा, फॉरेक्स कार्ड या गोष्टी दोन्हीकडे सारख्याच, त्यामुळे त्यात शिरत नाही. सहलीचा हेतू इटलीचं खाणं-पिणं आणि राहणीमान अनुभवणं हा असेल, असं धरून पुढचं लिहितो आहे.

बसच्या सहलीची बाजू आधी, कारण ती दुबळी नाही. इ.स. 80 मध्ये खुलं झालेलं कोलोसियम मुलांनी चित्रात इतकं पाहिलेलं असतं की प्रत्यक्ष समोर आल्यावर वर्गातला सगळ्यात वाचाळ मुलगासुद्धा दोन मिनिटं गप्प होतो. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट बघून, हा लाकडी आधाराशिवाय कसा रचला असेल, असं एका मुलीने विचारलं आणि भूमितीचा एक तास तिथेच रस्त्यावर झाला. शिवाय सगळी जबाबदारी एकाच कंपनीकडे असते, टूर मॅनेजर मराठी बोलतो, कोणाला ताप आलाच तर बसच्या मागच्या सीटवर आडवं होता येतं. पालकांनाही नकाशावर पाच शहरांवर खुणा झालेल्या बघायला आवडतात, आणि ज्यांना मुलाला पुन्हा पाठवणं परवडणार नाही त्यांचं हे म्हणणं मला मनापासून पटतं. सरकारी संग्रहालयांत अठरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत आहे, त्यामुळे जास्त शहरं घेतली म्हणून तिकिटांचा खर्च फार वाढतो असंही नाही.

दमणूक होते, पण ती कोणत्याही सहलीत होतेच. जुन्या शहरांच्या गाभ्यात वाहनांना बंदी असल्यामुळे मोठी बस बाहेरच थांबते. व्हेनिसला ती त्रोंकेत्तो या बसतळाच्या बेटापर्यंत जाते आणि तिथून बोट घ्यावी लागते. मुलं हे सगळं हसत करतात.

माझं मत बदललं ते संध्याकाळच्या जेवणामुळे.

युरोपात बसचालकाच्या कामाचे नियम कडक आहेत. साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास थांबायचं, दिवसाला एरवी नऊ तासांपेक्षा जास्त चालवायची नाही, आणि दोन दिवसांच्या मध्ये साधारण अकरा तासांची सलग विश्रांती घ्यायची. नियम अगदी योग्य आहे. तीस मुलं ज्याच्या हवाली केली तो माणूस ताजातवाना असावा, असं कोणत्या शिक्षकाला वाटणार नाही? पण त्याचा परिणाम बघा. सकाळी आठला निघणाऱ्या बसला या हिशेबाने रात्री नऊपर्यंत मुभा असते, पण उशीर होईल हे धरून आमची कंपनी ती संध्याकाळी सात-साडेसातलाच हॉटेलवर पोचवायची. गटांची हॉटेलं शहराबाहेर, हमरस्त्याला लागून असतात. म्हणजे जेवण त्याआधी, सहाच्या सुमारास उरकायचं. आणि इटलीतलं स्वयंपाकघर दुपारी अडीचला बंद होतं ते साधारण साडेसातला उघडतं. सहा वाजता तीस जणांना बसवून गरम जेवण देणारं कोण असतं? गटांसाठी लवकर उघडणारी भारतीय रेस्टॉरंट. तिथल्या लोकांनी मुलांना मायेने वाढलं, जेवणही चांगलं होतं. पण रोज तेच: डाळ, जिरा राईस, पनीर, नान, गुलाबजाम. दुपारी हमरस्त्यावरच्या थांब्यावर नाही तर उभ्याउभ्या पिझ्झाचा तुकडा.

मुलांना मी 'आज काय चाखलं' अशी वही ठेवायला सांगितली होती. एका मुलीच्या वहीत फ्लॉरेन्सच्या पानावर 'मटर पनीर' आणि व्हेनिसच्या पानावर वरती तारीख बदलून पुन्हा 'मटर पनीर' असं नीट वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं. टूर कंपनीला विचारलं, तर एक-दोन दिवस इटालियन जेवण देता येईल, पण मेन्यू गटाचा ठरलेला असेल आणि वेळ सहाचीच असेल, असं उत्तर आलं. त्यांचंही खरं होतं. वेळापत्रक बसच्या घड्याळावर बांधलेलं असेल तर त्यात साडेसातचं जेवण बसतच नाही. ज्या देशात गाव संध्याकाळी फेरफटका मारायला बाहेर पडतं आणि मग सावकाश जेवायला बसतं, तिथे आमची मुलं त्या वेळेला हॉटेलच्या खोल्यांत असायची.

बोलोन्यात ही अडचण मुळातून जाते, कारण बसच नसते. साडेपाचला गावात परत आलं की दोन तास मोकळे मिळतात. मुलं जुन्या बाजाराच्या गल्ल्यांतून हिंडतात, खिडकीआड ताजा पास्ता वळणाऱ्या बायका बघतात, पियाझ्झा माज्जोरे या मुख्य चौकात पायऱ्यांवर बसतात. शहरात बासष्ट किलोमीटरच्या कमानदार पडव्या आहेत, 2021 पासून त्या जागतिक वारशाच्या यादीतही आहेत, पण शिक्षकाच्या दृष्टीने त्यांचा मोठा गुण वेगळाच: पाऊस आला तरी कार्यक्रम मोडत नाही आणि गट एका रांगेत राहतो. मग साडेसातला जेवण, तिथल्या घरच्या माणसांच्या शेजारच्या टेबलावर. इथे मुलांना कळतं की जगभर ज्याला 'बोलोनीज स्पगेटी' म्हणतात ते या गावात मिळत नाही. इथला मांसाचा रस्सा ताल्यातेल्ले या चपट्या पट्ट्यांच्या पास्त्यावर घालतात, आणि त्या पट्टीची रुंदी शिजल्यावर आठ मिलिमीटर असावी, हे 1972 मध्ये रीतसर नोंदवून सोन्याची एक नमुना-पट्टी व्यापार मंडळाकडे ठेवलेली आहे. खाण्याबद्दल एवढा जिव्हाळा असलेलं गाव मुलांना दाखवायचं नाही तर काय दाखवायचं?

दुसरी जमेची बाजू म्हणजे पहाट. पार्मिजानो रेज्जानोचं चीज रोज सकाळीच करतात, दहानंतर गेलं तर धुतलेली भांडी बघावी लागतात. बोलोन्याहून मोदेनाला लोकलने अर्धा तास लागतो, तिथून पुढे जवळच्या चीजघरात आम्ही वेळेत पोचलो. घंटेच्या आकाराचे खोल तांब्याचे हंडे, रात्रीचं साय काढलेलं दूध आणि सकाळचं ताजं दूध एकत्र केलेलं. दह्यासारखं बसलेलं दूध तारांच्या मोठ्या रवीने फोडत दाण्याएवढं बारीक करतात. मग तळाशी बसलेला गोळा लाकडी फावड्याने वर आणून दोन माणसं कापडात धरतात, त्याचे दोन भाग करतात आणि प्रत्येक भागाची एक चाकी होते. एका चाकीला साधारण साडेपाचशे लिटर दूध लागतं आणि ती किमान बारा महिने मुरते. मुलांचे चष्मे वाफेने धूसर झाले होते, तरी कोणी मागे सरकायला तयार नव्हतं. मोदेनात पारंपरिक बाल्सामिको व्हिनेगर घराच्या माळ्यावर लहान होत जाणाऱ्या पिंपांत किमान बारा वर्षं ठेवतात, तेही त्याच दिवशी बघून होतं.

आता शाकाहाराचा प्रश्न, कारण पालक सगळ्यात आधी तोच विचारतात, आणि इथे बसची सहल निश्चिंत वाटते. याचं उत्तर आधीच स्पष्ट दिलेलं बरं. पार्मिजानो वासराच्या जठरातलं रेनेट घालून विरजतात. ग्राना पादानो आणि पेकोरिनोही प्राण्यांच्या रेनेटचेच. मोझरेलाबद्दलही विचारावंच लागतं. एमिलियातला, म्हणजे बोलोन्याच्या प्रदेशातला, ताजा पास्ता अंड्याचा असतो, शंभर ग्रॅम मैद्याला एक अंडं. तोर्तेल्लिनी या सारण भरलेल्या छोट्या पास्त्यात डुकराचं मांस असतं. रिकोटा आणि पाल्याचे मोठे तोर्तेलोनी मिळतात, पण त्यांच्या सारणातही बहुधा पार्मिजानो असतं. शेजारच्या रोमान्या भागातली पियादिना पोळीसारखी दिसते, पण कणीक पुष्कळदा चरबी घालून मळतात, ऑलिव्ह तेलाची आहे का ते विचारायचं. पन्ना कोत्ता या सायीच्या गोड पदार्थात जिलेटिन. हे सगळं मी पालकांना छापून दिलं आणि प्रत्येकाकडून काय चालेल, काय नाही हे लिहून घेतलं. कडक पाळणाऱ्यांसाठी सुका पास्ता आहे, तो फक्त रवाळ गव्हाचं पीठ आणि पाण्याचा. टोमॅटोचा रस्सा, चीज न घातलेला मारिनारा पिझ्झा, भाजलेल्या भाज्या, बीन्स, फळांचं सोर्बेत्तो आहे. जैन मुलांचं मात्र कांदा-लसणामुळे अवघड होतं, तिथे आधी मेल पाठवून कबूल करून घ्यावं लागतं. गटात अशी मुलं बरीच असतील आणि पालक चिंतेत असतील, तर बसची सहल हा सुरक्षित निर्णय आहे, यात शंका नाही.

पण पास्ता वळण्याचा वर्ग मी कोणत्याही मुलाचा चुकू देणार नाही. अंडं न चालणाऱ्यांसाठी शिकवणाऱ्या बाईंनी दक्षिणेकडच्या पद्धतीने नुसत्या पिठाची आणि कोमट पाण्याची वेगळी कणीक मळून दिली, त्याचे अंगठ्याने दाबून छोटे कान वळले. बाकीच्यांनी मीटरभर लांब लाटण्याने अंड्याची पाती लाटली. खानदेशात मांडे करणाऱ्या बायका जशा हातावर मांडा फैलावतात तशी ती पाती बाई हाताने ताणत, फिरवत लाटत होत्या, आणि घरी पोळ्या लाटणाऱ्या आमच्या दोघी मुली लगेच त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. पातीतून पलीकडच्या टेकडीवरचं सान लुकाचं चर्च दिसलं पाहिजे, असं तिथे म्हणतात. दुसऱ्या दिवशी सगळे त्याच सान लुकाला चालत गेले, 666 कमानींच्या पडवीतून, चढ बराच असूनही.

बोलोन्याच्या बाजूने उणं काय? कोलोसियम नाही, हे मोठं उणं आहे. दोन प्रसिद्ध मनोऱ्यांपैकी गारिसेंदा धोकादायक झाल्यामुळे 2023 पासून त्याच्याभोवतीचा परिसर बंद केलेला आहे, त्यामुळे मनोऱ्यावर चढण्याचा कार्यक्रम धरू नका. शिक्षकांचं काम वाढतं: फलाटावर दर वेळी डोकी मोजायची, दरवाजे वाटून घ्यायचे, सकाळची नोकरदारांची गर्दी टाळायची. काही मुलांना खाण्यात रसच नसतो. त्यांच्यासाठी बोर्गो पानिगालेतलं दुकाती मोटारसायकलींचं किंवा मारानेल्लोतलं फेरारीचं संग्रहालय अर्ध्या दिवसात होतं आणि तीच मुलं नंतर उत्साहाने जेवायला बसतात. फ्लॉरेन्स वेगवान गाडीने चाळीसेक मिनिटांवर, व्हेनिस दीड तासावर, रावेन्नाची मोझाइक सव्वा तासावर, म्हणजे पाचांपैकी दोन शहरं तशीही होतातच. व्हेनिसला 2024 पासून मार्गदर्शकाबरोबरच्या गटात पंचवीसच माणसं चालतात, हा नियम शाळेच्या गटाला लागू होतो का ते आधी विचारा, होत असेल तर मोठ्या गटाचे दोन भाग करावे लागतील, मग बस असो वा रेल्वे.

गट अकरावी-बारावीचा असेल, इतिहास किंवा कला हाच विषय असेल, तर मी कदाचित पुन्हा बसच निवडेन. खाणं आणि राहणीमान हा हेतू असेल आणि मुलं तेरा-चौदा वर्षांची असतील, तर माझा कल बोलोन्याकडे आहे, शेवटचे दोन दिवस रोमला देऊन आणि परतीचं विमान रोमहून घेऊन. वेगवान गाडीने रोम दोन-सव्वादोन तासांवर आहे, त्यामुळे कोलोसियमची हळहळही राहत नाही.

तारखा ठरवताना दोन गोष्टी बघा. मार्च-एप्रिलच्या सुमारास बोलोन्यात मुलांच्या पुस्तकांचा मोठा मेळा भरतो, त्या आठवड्यात खोल्या मिळत नाहीत किंवा फार महाग मिळतात. आणि 15 ऑगस्टच्या आसपास बरीच घरगुती रेस्टॉरंट सुट्टीवर असतात. दिवाळीच्या सुट्टीत संध्याकाळ लवकर होते, पण चीजघरं तेव्हाही रोज सकाळी चालूच असतात. पालकांच्या आहाराच्या याद्या मात्र तिकिटं काढण्याआधी हातात घ्या, म्हणजे रेस्टॉरंटशी बोलायला पुरेसा वेळ मिळतो.