नागपुरात हॉरर शॉर्टफिल्म करताय? जखम लॅटेक्सची, जिलेटिनची का सिलिकॉनची, आधी महिना बघा

कमी पैशात हॉरर शूट करणाऱ्या पोट्ट्यांचा पहिला प्रश्न हाच राहते, जखम कशाची बनवायची. व्हिडिओत सगळे सांगतात जिलेटिन स्वस्त अन् मस्त, पण ते सांगणारे काही मे महिन्यात ४५ डिग्रीत बर्डीतल्या गच्चीवर शूट करत नसतात ना भाऊ. म्हणून माझं म्हणणं असं की शूट कोणत्या महिन्यात आहे ते आधी ठरवा, मटेरियल आपोआप ठरते.

जिलेटिनचं कौतुक खोटं नाही. पावडर, ग्लिसरीन अन् पाणी साधारण सारख्या मापात घ्यायचं, पावडर फुगू द्यायची, मग गरम पाण्याच्या भांड्यावर दुसरं भांडं ठेवून वितळवायचं, उकळू मात्र द्यायचं नाही. बेकरीचं सामान विकणाऱ्याकडे पावडर मिळते, ग्लिसरीन मेडिकलमध्ये. त्वचेसारखंच उजेड थोडा आत जाऊ देते, त्यामुळे क्लोजअपमध्ये लॅटेक्स याच्यापुढे प्लास्टिक वाटते, आणि पीस बिघडला तर परत वितळवून नवा करता येते. पण उष्णता अन् घाम हे दोन शत्रू. उन्हाळ्यात कडा आधी सुटतात, मग अख्खा पीस गालावरून घसरायला लागते, आणि कूलर लावला म्हणून वाचेल असं नाही कारण कूलरची हवा ओलीच असते (आवाज रेकॉर्डिंगचा सत्यानाश वेगळा). डिसेंबर-जानेवारीच्या रात्री शूट असेल तर मात्र डोळे झाकून जिलेटिन घ्या. एक गोष्ट अॅक्टरला आधी सांगा, हे जनावरांच्या हाडा-कातडीपासून बनते, काही लोकांना ते अंगावर चालत नाही. आणि लावायच्या आधी स्वतःच्या मनगटावर गरमपणा तपासा, काहून की चिकट गरम जिलेटिन खरोखर भाजते.

लॅटेक्स म्हणजे रबराचा चीक. स्पंजनी पातळ थर द्यायचा, वर टिश्यूचा तुकडा, परत थर, असे चार-पाच, मग मधोमध चिमट्यानी फाडलं की जखम उघडते आणि आत लाल-काळा रंग भरायचा. वितळत नाही. इथल्या कोरड्या उन्हाळ्यात तर पटकन वाळते, जुलै-ऑगस्टमध्ये मात्र हेअरड्रायर घेऊन बसावं लागते. तोटे पण ऐका: अमोनियाचा वास डोळ्यात जाते, भुवया अन् दाढीवर आधी व्हॅसलीन नसेल तर केस उपटून येतात, आणि काही लोकांना रबराची अॅलर्जी असते, ती साधी नसते, म्हणून आदल्या दिवशी हातावर थोडं लावून बघा. रंग मेकअपचेच वापरा, तेलकट वस्तूंनी लॅटेक्स खराब होते.

सिलिकॉन सगळ्यात भारी दिसते आणि सगळ्यात महाग पडते. इकोफ्लेक्स ००-३० सारखं दोन बाटल्यांत येणारं प्लॅटिनमवालं सिलिकॉन घेतलं तर ए अन् बी हे दोन्ही भाग सारख्या मापात मिसळायचे, कंपनीच्या हिशोबानी २३ डिग्रीला हातात ४५ मिनिटं राहतात आणि ४ तासांत सेट होते, नागपूरच्या उन्हात ती ४५ मिनिटं खूपच कमी होतात. प्लॅटिनमवालं सिलिकॉन लॅटेक्सच्या संपर्कात आलं की सेटच होत नाही, चिकट राहते, म्हणून लॅटेक्सचा ब्रश, वाटी, हातमोजे सगळं वेगळं ठेवा. जखमेचा आकार घडवायच्या गंधकवाल्या क्लेवर पण तेच होते. सिलिकॉन साच्यात ओतावं लागते, ते साच्याचं काम शिकायचं असेल तर चितारओळीत मूर्तिकारांना काम करताना बघा, माती अन् पीओपीचा हात त्यांच्याकडे आहे. तोच पीओपीचा साचा लॅटेक्स ओतायला पण चालते, पीओपी पाणी शोषून घेते.

पोटातली आतडी दाखवायला मटणवाल्याकडून वजडी आणायची आयडिया प्रत्येक ग्रुपमध्ये कोणीतरी काढतेच. नका करू बे. गर्मीत तासाभरात वास, माश्या, आणि कच्चं मांस अॅक्टरच्या अंगावर ठेवणं बरोबर नाही. जुने नायलॉनचे मोजे कापसानी भरून, पिळून, लॅटेक्समध्ये बुडवले आणि वर रक्त ओतलं की कॅमेऱ्याला फरक कळत नाही.

आणि खरं सांगू, पैसा वाचवून रक्तावर लावा. लिक्विड ग्लुकोज, लाल फूड कलर, निळ्याचा एखादा थेंब अन् चिमूटभर कोको, एवढ्यात चांगलं रक्त होते. रंगापेक्षा दाटपणा महत्त्वाचा, हिचकॉकनी १९६० मध्ये ‘सायको’त चॉकलेट सिरप वापरलं होतं, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये कोणाला कळणार. तुमच्या रात्रीच्या सीनला निळा लाइट असेल तर लाल रक्त काळं दिसते, म्हणून थोडं उजळ करा आणि त्याच लाइटात मोबाईलवर टेस्ट घ्या. कपड्यांवरचं रक्त सहज धुवायचं असेल तर भांड्याच्या साबणाचे थेंब टाका, पण ती बाटली वेगळी, तोंडातून येणारं रक्त वेगळं. गोड असल्यामुळे मुंग्या येणारच, शूट झाल्यावर लगेच फरशी पुसा.

मग घ्यायचं काय? एप्रिल ते जून, लॅटेक्स. पावसाळ्यात पण लॅटेक्सच, फक्त वाळायला वेळ धरा. थंडीत क्लोजअप असेल तर जिलेटिन. सिलिकॉन तेव्हाच जेव्हा एकच जखम अनेक दिवसांच्या शूटला हुबेहूब लागणार असेल, नाहीतर एवढा खर्च कशाला. व्हीएफएक्सनी, म्हणजे नंतर कॉम्प्युटरवर, रक्त टाकणं फक्त उडणाऱ्या शिंतोड्यांना बरं, तेही ट्रायपॉडवरच्या शॉटमध्ये. आणि फुटाळा तलावावर किंवा रस्त्यावर खोटा चाकू अन् रक्त घेऊन शूट करणार असाल तर जवळच्या पोलीस स्टेशनला आधी लेखी कळवा, रात्री अकरा वाजता रक्तानं माखलेल्या पोट्ट्याला बघून लोक ११२ लावतात.