पिकअपच्या हौद्यावरची पीव्हीसी ताडपत्री आणि तिला लावायचा संरक्षक द्रव : वर्षभराच्या वापरानंतर

गेल्या दिवाळीआधी हिंगणघाटच्या बाजारातून पिकअपच्या हौद्यासाठी ६५० जीएसएमची (म्हणजे चौरस मीटरला ६५० ग्रॅम भरणारी) पीव्हीसी ताडपत्री मापाने शिवून घेतली आणि तिच्यासोबत व्हायनलला, म्हणजे पीव्हीसीलाच, लावायचा, पाण्याचा आधार असलेला संरक्षक द्रवही आणला. एक उन्हाळा आणि एक पावसाळा दोन्ही वापरून झाल्यावर हे लिहीत आहे. आमच्या भागात ताडपत्री घेताना जाडी सगळेच विचारतात, पण ती कशाने धुवायची हे कोणी विचारत नाही, आणि माझी आधीची ताडपत्री नेमकी त्यापायीच वाया गेली.

त्या जुन्या ताडपत्रीला चमक राहावी म्हणून मी महिन्या-दोन महिन्यांनी डिझेलचा बोळा फिरवीत असे. पीव्हीसी मुळात कडक असते; तिला मऊपणा येतो तो तिच्यात मिसळलेल्या तेलकट द्रव्यांमुळे, आणि डिझेल हीच द्रव्ये बाहेर ओढते. त्यामुळे चार दिवस ताडपत्री नव्यासारखी काळीभोर दिसते, पण नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा ४५ अंशांच्या पलीकडे गेला की ती पापडासारखी ताठ होते. माझी ताडपत्री घडीवर तडकली आणि नोव्हेंबरच्या अवकाळी पावसात पाणी थेट कापसावर उतरले. सरकारी खरेदीत ८ टक्क्यांपर्यंतच्या ओलाव्याला पूर्ण भाव मिळतो, त्यापुढे कपात होते आणि १२ टक्क्यांवरचा कापूस घेतला जात नाही. एका बाजूचा कापूस त्या मर्यादेबाहेर गेला, आणि महिनाभर वेचलेला तो माल परत आणून अंगणात वाळवावा लागला.

नवी ताडपत्री १२ फूट बाय ८ फुटांची असून पावणेसहा किलोच्या आसपास भरते, त्यामुळे एकट्या माणसाला ती ओढून बांधणे जमते. दुकानदाराने काठ दुमडून दुहेरी शिवण घातली आणि रिंगा पितळी लावल्या, हे काम चोख आहे. रिंगांमधले अंतर मात्र त्याने दोन फुटांचे ठेवले होते. गाडी वेगात असताना मधला काठ फडफडतो आणि पाऊस तिथूनच आत शिरतो. मी मागाहून मधे एकेक रिंग ठोकून घेतली. शिवून घेणाऱ्याने हे आधीच सांगावे.

द्रवाचा गुण धुण्यावर अवलंबून आहे, म्हणून ती रीत सविस्तर सांगतो. काळ्या मातीची धूळ कोरडी असताना घासली तर ताडपत्रीवर ओरखडे उठतात, तेव्हा आधी ती झटकावी, मग भरपूर पाणी ओतून माती मऊ होऊ द्यावी. बादलीभर पाण्यात टोपणभर सौम्य शाम्पू पुरतो. ब्रश मऊ असावा आणि फेस वाळण्याआधी धुऊन टाकावा. हे सारे सकाळी सावलीत करावे, मात्र कडुनिंबाखाली नको, कारण पाखरांची विष्ठा तिथे धुतल्याधुतल्या पुन्हा पडते. बुरशीच्या काळ्या ठिपक्यांवर एक भाग पांढरा व्हिनेगर आणि चार भाग पाणी लावून थोडा वेळ थांबल्यास ते बरेच निघतात. ब्लीचने शिवणीचा दोरा कमजोर होण्याची भीती असते, आणि वॉशिंग सेंटरवरच्या जोरदार फवाऱ्याचे तोंडही शिवणीपासून दूर धरायला सांगावे. ताडपत्री दोन्ही बाजूंनी वाळल्याशिवाय घडी घालू नये.

द्रव लावणे त्यामानाने सोपे आहे. सुती फडक्याने तो पातळ पसरावा, घड्यांवर आणि शिवणीवर जरा जास्त, आणि काही मिनिटांनी कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून घ्यावा; तसाच सोडला तर डाग उमटतात. उन्हातली अतिनील किरणे थोपवणे हे त्याचे खरे काम, आणि ते तो करतो. जुनी ताडपत्री जिथे तडकली होती त्याच घड्या नव्या ताडपत्रीवर मे महिन्यानंतरही हाताला मऊ लागतात, आणि रंगही फारसा उतरलेला नाही. बाटलीवर महिन्यातून एकदा लावायला सांगितले आहे. एप्रिल-मे मध्ये मी तीन आठवड्यांनी लावला.

तक्रारी दोन आहेत. बाटलीवरच्या सूचना केवळ इंग्रजीत आहेत, आणि ज्याच्या हाती फडके असते त्या चालकाला वा सालदाराला त्या वाचता येत नाहीत; मी घरी मराठीत लिहून बाटलीला चिकटवल्या. दुसरे म्हणजे द्रव लावल्यावर पृष्ठभाग निसरडा होतो, म्हणून माल भरताना त्यावर पाय देऊ नये आणि दोराला दुहेरी गाठ मारावी.

साध्या एचडीपीई (विणलेल्या हलक्या प्लास्टिकच्या) ताडपत्रीसाठी हा खर्च मी करणार नाही, कारण ती मुळातच थोड्या हंगामांची सोबतीण असते. पीव्हीसीची शिवून घेतली असेल तर द्रव जरूर घ्यावा, आणि तीच बाटली चालकाच्या केबिनमधल्या डॅशबोर्डलाही चालते. स्टिअरिंग आणि पायांखालच्या पेडलला मात्र तो कधीही लावू नये.