लेहहून कॅम्परने घरी परतताना: मनालीमार्गे की श्रीनगरमार्गे?

महिनाभर लडाखात राहिलेलं जोडपं पुण्याकडे निघतं तेव्हा शरीराला विरळ हवेची सवय झालेली असते. त्यामुळे जाताना जड वाटणारा मनाली रस्ता येताना बराच सुसह्य होतो.

तरी तो उंच आहेच. लेहहून निघाल्यावर तांगलांग ला (‘ला’ म्हणजे खिंड; सुमारे ५,३०० मीटर) लागतो. मनालीकडच्या, बऱ्याच खाली असलेल्या जिस्पापर्यंतचा पल्ला कॅम्परला (झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीला) एका दिवसात ओढवत नाही, म्हणजे रात्र पांग किंवा सरचूला, सव्वाचार हजार मीटरच्या वर. तिथे पाणी ८५-८६ अंशांनाच उकळतं. कुकरशिवाय भात कच्चा राहतो. झोपण्यापूर्वी सिंकची नळी रिकामी करा, नाहीतर गोठून फुटते. लेह सोडताना इंधनाची टाकी काठोकाठ भरा, शिवाय २० लिटरचा कॅन ठेवा: भरलेला कॅम्पर चढावर लिटरला सात-आठ किलोमीटरच देतो आणि लेहजवळचं कारू सोडलं की शेकडो किलोमीटर भरवशाचा पंप नाही. झिंगझिंगबारचे ओढे सकाळीच ओलांडा, दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं. उतारावर दुसरा गिअर; नुसता ब्रेक दाबत राहिलात तर तो तापून पकड सोडतो.

श्रीनगरमार्गे सर्वांत उंच फोटू ला, ४,१०८ मीटर. मुक्काम कारगिलला, पंपही तिथेच. अडचण एकच, झोजी ला: पाऊस झाला की चिखल, आणि वाहतूक ठरलेल्या वेळीच सोडतात. आदल्या संध्याकाळी द्रासला चौकशी करा. बाहेरचं प्रीपेड सिम इथे चालत नाही, पोस्टपेड हवं.

पाण्याची टाकी मोठी आणि गाडी जुनी असेल, तर आम्ही श्रीनगरच म्हणू.