वूफरचं रिफोम किट: ‘आठ इंची’ एवढंच छापलेलं असेल तर घेऊ नका

जुन्या हाय-फाय स्पीकरचा वूफर (बेस वाजवणारा मोठा घटक) ‘गेला’ असं म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा गेलेली असते ती त्याच्या कडेची फोमची रिंग. कोन (हलून आवाज काढणारा पडदा), व्हॉइस कॉइल (त्याला हलवणारी तारेची गुंडाळी), मॅग्नेट सगळं शाबूत असतं. कोन आणि बास्केट (बाहेरचा सांगाडा) यांना जोडणारी पॉलियुरेथेनची वळी मात्र बोट लावताच भुगा होऊन गळते. हवेतला ओलावा आणि ऑक्सिजन हा फोम आतून तोडत राहतात, मग स्पीकर रोज वाजो की माळ्यावर पडून राहो. साधारण १० ते २० वर्षांत रिंग संपते, दमट किनारपट्टीवर त्याहून लवकर. १९६७ साली आलेल्या एआर-३ए या स्पीकरच्या सुरुवातीच्या वूफरना कापडी कड होती. नंतरच्या वूफरना फोम आला, आणि रिंग बदलावी लागते ती या नंतरच्यांची.

ही रिंग बदलायचं पुरतं किट म्हणजे दोन रिंगा, पाण्यात विरघळणाऱ्या पांढऱ्या गोंदाची ३० मिलिलिटरची बाटली, शिमच्या पट्ट्या (कॉइल मध्यावर धरायला फटीत सरकवायच्या पातळ पट्ट्या) आणि दोन डस्ट कॅप (कोनाच्या मधोमधच्या टोप्या). आठ इंची जोडीला एवढा गोंद पुरून उरतो. तरीही किटची खरी परीक्षा रिंगेच्या मापात आहे. ‘आठ इंची’ हे वूफरचं माप झालं, रिंगेचं नव्हे. दोन आठ इंची वूफरच्या कोनांत सहज सेंटिमीटरभर फरक निघतो. विकणाऱ्याने आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि वळीची रुंदी मिलिमीटरमध्ये दिली नसेल, तर ते किट स्वस्तातही महागच पडतं.

मापं वूफरवरून घ्या, कुजलेल्या फोमवरून नको. कोनाचा बाहेरचा व्यास मोजा; रिंगेचा आतला व्यास त्याहून १० ते १२ मिलिमीटर कमी हवा, म्हणजे कोनावर चारी बाजूंनी ५-६ मिलिमीटरची कड चिकटायला मिळते. बाहेरचा व्यास बास्केटच्या बसण्याच्या जागेपेक्षा एक-दोन मिलिमीटर कमी असावा. शिवाय आतली कड सपाट आहे की कोनाच्या उताराला जुळेल अशी तिरकी, आणि जुना फोम कोनाच्या पुढून लावला होता की मागून, हेही बघा. तिरक्या कोनावर सपाट कड दाबून बसवली तर ती कायम उसळत राहते आणि एखाद्या दमदार बेसला सुटते.

फोमऐवजी रबराची रिंग असलेली किटंही मिळतात. टिकाऊपणात रबर सरस, यात वाद नाही. पण रबर जड असतं. कोनाचं हलतं वजन वाढतं आणि आवाजाची पातळी थोडी उतरते. मूळ वूफर फोमचा असेल तर फोमच लावावा, असं आमचं ठाम मत आहे. मंडपाच्या स्पीकरसाठी मिळणारी घड्यांची कापडी कड हाय-फाय वूफरला मुळीच लावू नये. ती इतकी ताठ असते की वूफरचा रेझोनन्स (कोनाच्या स्वाभाविक कंपनाची वारंवारता) वर सरकतो आणि खालचा बेस जातो.

गोंदाबाबत किटमधला पांढरा गोंदच बरा, कारण तो सावकाश धरतो. कोन मध्यावर आणायला १०-१५ मिनिटं मिळतात, आणि चुकलं तर ओल्या बोळ्याने सोडवताही येतं. काही किटांत चपलांना लावतात तसला रबरी सोल्युशनचा गोंद येतो. तो टेकताक्षणी धरतो आणि रिंग तिरकी बसली की तशीच राहते. इन्स्टंट ग्लू तर हातातही घेऊ नका. जोड काचेसारखा कडक होतो. अपवाद पॉलिप्रॉपिलीनच्या कोनाचा: त्या गुळगुळीत प्लॅस्टिकवर पांढरा गोंद नीट धरत नाही, प्रायमर किंवा त्याच प्लॅस्टिकसाठीचा गोंद लागतो.

कामाला लागण्याआधी मल्टिमीटरने कॉइल तपासा. ८ ओहमच्या वूफरचा डीसी रोध साधारण ५.५ ते ७ ओहम येतो. मीटरने सर्किट तुटलेलं (ओपन) दाखवलं तर कॉइल तुटली आहे, आणि रिंग घेण्यात अर्थ नाही. वूफर काढताना कोनावर जाड पुठ्ठा धरा. मॅग्नेट स्क्रूड्रायव्हर ओढून घेतो आणि कोनाला भोक पडतं. कुठली वायर कुठल्या टर्मिनलला होती, ते लिहून ठेवा. लाल टर्मिनलला बॅटरीचं धन टोक जोडलं की कोन पुढे यायला हवा, हा नियम सगळीकडे चालत नाही. जेबीएलच्या जुन्या वूफरमध्ये तो आत जातो.

जुना गोंद खरवडायला अर्धा दिवस धरा. संपूर्ण कामात कंटाळा येतो तो इथेच, आणि जोड सुटतात तेही इथल्या घाईमुळे. बास्केटवरचा गोंद बोथट पटाशीने काढा, कोनाची कड आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने हलक्या हाताने पुसा. कागदी कोन भिजवायचा नाही.

मग डस्ट कॅप धारदार पात्याने कडेकडेने सोडवा आणि कॉइल व मधला लोखंडी गाभा यांच्या फटीत चार-सहा शिम सारख्या अंतराने उभ्या सरकवा. किटमध्ये शिम एकाच जाडीच्या येतात, ही बहुतेक किटांची उणीव. फट मोठी असेल तर त्या सैल पडतात. जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या इथे उत्तम चालतात: फिल्म साधारण ०.२ मिलिमीटर जाड असते, गुळगुळीत आणि ताठ. पट्टी अडकून उभी राहावी, पण कोन हलवायला जोर लागू नये.

रिंग आधी कोनाला लावा. दोन्ही बाजूंना पातळ थर द्या, बोटाने गोल फिरत दाबत जा आणि दोन तास सुकू द्या. त्यानंतर बास्केटची बाजू. दोन्ही कडा एकाच बैठकीत चिकटवायचा मोह होतो, आणि कोन तिरका बसण्याचं ते सर्वांत सामान्य कारण आहे. २४ तास थांबा, पावसाळ्यात ४८. शिम काढून कोन दोन्ही हातांच्या बोटांनी समान दाबा; कान जवळ नेला तर जराही खरखर ऐकू येता कामा नये. आली तर बास्केटची कड ओली करून सोडवा, पुन्हा मध्यावर घ्या. डस्ट कॅप सर्वांत शेवटी.

एकच वूफर फाटला असला तरी रिंगा जोडीने बदला, नाहीतर डावा-उजवा बेस वेगळा वाजतो. जादा रिंगा घेऊन साठवू नका, पाकिटातही फोम म्हातारा होतो. किट हातात आल्यावर नखाने हलकेच दाबून बघा: ताजा फोम लगेच फुगून वर येतो, जुना चिकट लागतो किंवा खळगा तसाच राहतो. तसला परत पाठवा.

वूफर पुन्हा बसवताना तो १८० अंशांत फिरवून लावा, म्हणजे वर्षानुवर्षं एका बाजूला ओघळलेला स्पायडर (कोनाला मागून धरणारी नागमोडी कापडी चकती) उलट दिशेने सावरतो. खोका बंद प्रकारचा असेल तर स्क्रू आवळल्यावर कोन हलकेच आत दाबून सोडा. तो सावकाश मागे आला की खोका हवाबंद आहे. टचकन परतला तर गॅस्केटजवळून हवा निसटते आहे, स्क्रू परत काढा आणि नवी फोमपट्टी लावा.