शनिवारी रात्री काय लावायचं: 'रश अवर' की 'मिडनाइट रन'?

घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमध्ये सहा-सात जण जमणार. दोघं मानपाड्याच्या सिग्नलला अडकलेले, एकाला रात्री डोंबिवलीला परतायचंय आणि फर्माईश अशी की 'हलकंफुलकं हवं, पण मारामारी पाहिजे'. अशा वेळी न पटणाऱ्या जोडीचा ॲक्शनपट कुणीतरी सुचवतोच. त्यातले हे दोन नेहमीचे उमेदवार: मार्टिन ब्रेस्टचा 'मिडनाइट रन' (१९८८) आणि ब्रेट रॅटनरचा 'रश अवर' (१९९८). चांगले दोन्ही आहेत, फक्त एकाच बैठकीला दोन्ही चालत नाहीत.

आधी घड्याळ. 'रश अवर' ९८ मिनिटांचा, 'मिडनाइट रन' १२६. साडेनऊला लावला तर पहिला अकरा वाजून गेल्या गेल्या संपतो. दुसऱ्यात मध्ये चहाला थांबलात की बाराला टेकलंच, आणि डोंबिवलीकराचं निम्मं लक्ष शेवटच्या लोकलवर.

उशिरा येणाऱ्यांचा हिशेब याहून महत्त्वाचा. 'रश अवर'ची सुरुवात हुकली तरी दोन वाक्यांत सांगता येते: चिनी वाणिज्यदूताच्या मुलीचं अपहरण झालंय, हाँगकाँगचा इन्स्पेक्टर ली मदतीला आलाय, आणि एफबीआयला तो मध्ये नको म्हणून त्याला लॉस एंजेलिसच्या बडबड्या पोलिसाच्या, कार्टरच्या गळ्यात मारलंय. 'मिडनाइट रन'मध्ये तसं जमत नाही. वॉल्श हा जामीन तोडून पळालेल्यांना पकडून आणणारा माणूस. सुरुवातीलाच तो मोझली नावाच्या एफबीआय अधिकाऱ्याचं ओळखपत्र लांबवतो आणि पुढे सगळीकडे मोझली म्हणून मिरवतो. ते लांबवलेलं पाहिलं नसेल तर पुढचे अर्धे विनोद डोक्यावरून जातात.

आता जोडी. लोकलमध्ये चौथी सीट घेणाऱ्याला हा प्रकार समजवावा लागत नाही. न निवडलेला शेजारी, खांद्याला खांदा, उठायची सोय नाही. प्रश्न एवढाच की दोघांना जायचंय कुठे. ली आणि कार्टरचे स्वभाव उलटे, पण मुलगी दोघांनाही सोडवायचीय. म्हणून त्यांचं भांडण लवकरच फक्त जिभेवर उरतं. 'मिडनाइट रन'मध्ये भांडण मुळातच आहे. माफियाचे दीड कोटी डॉलर उडवून धर्मादाय संस्थांना वाटणाऱ्या हिशेबनीसाला, मार्डुकसला, वॉल्शने न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला शुक्रवारी मध्यरात्रीच्या आत पोचवायचंय. पोचवला तर एक लाख डॉलर. मार्डुकसला तिथे अजिबात पोचायचं नाहीये. पहिल्यात दोस्ती झाली की ताण सैल पडतो, दुसऱ्यात दोस्ती झाली की पेच वाढतो, कारण आता ज्याला पोचवायचं तो माणूस आवडायला लागलेला असतो. आमच्या मते या जातीच्या सिनेमाची खरी कसोटी इथेच लागते, आणि बहुतेक सिनेमे इथेच नापास होतात.

एक प्रसंग बघा. दोघांचे खिसे रिकामे. बारमध्ये मार्डुकस एफबीआयवाला बनून विसाच्या नोटा खोट्या आहेत का तपासायला मागतो आणि घेऊन चालता होतो. वॉल्शला सतत नीतीचे धडे देणारा हाच माणूस! ना गोळी, ना ठोसा. मार्डुकस झालेल्या चार्ल्स ग्रोडिनचा चेहरा हलतसुद्धा नाही.

पण मारामारीसाठीच बसलेल्यांना एवढ्यावर भागणार नाही. 'मिडनाइट रन'मधले पाठलाग कामापुरते आहेत. 'रश अवर'मध्ये लीच्या भूमिकेत जॅकी चॅन आहे. शेवटी प्रदर्शनाच्या हॉलमध्ये तो गुंडांशी लढता लढता जुन्या फुलदाण्या पडू नयेत म्हणून धडपडतो. मारायचं की सावरायचं, यातून हशा येतो, त्यासाठी भाषा लागत नाही. रस्त्यावरचा तो नाचही बघण्यासारखा: कार्टर लीला ठेका शिकवतो, ली त्याला समोरच्याच्या हातातलं पिस्तूल काढून घ्यायचा डाव शिकवतो. देवाणघेवाण शब्दाविना होते. श्रेयनामावलीबरोबर फसलेले शॉट्स येतात, तेव्हा उठू नका.

सबटायटल हा भाग कुणी विचारात घेत नाही. कार्टर झालेला ख्रिस टकर इतका भरभर बोलतो की वाचणारा मागे पडतो. ग्रोडिनचं उलट. तो थांबून बोलतो, त्यामुळे ओळ आधीच वाचून होते आणि विनोद फुकट जातो. इंग्रजी ऐकून कळत असेल तर 'मिडनाइट रन' सबटायटल बंद करून बघावा.

दोघांचं दुखणंही सारखंच आहे. खलनायक बेताचा, बायकांना जवळजवळ काम नाही. 'रश अवर'मधले वंशावरचे बरेच विनोद आता खटकतात, 'मिडनाइट रन'मध्ये शिव्यांचा पाऊस आहे, मुलं असतील तर नकोच. आणि 'रश अवर'चे पुढचे दोन भाग (२००१, २००७) लावायचा मोह टाळा. दोघांची गट्टी जमलेली असते, त्यामुळे भांडण ओढूनताणून आणावं लागतं.

कुणी 'लीथल वेपन' (१९८७) सुचवेल. उत्तम आहे, पण त्यातला एक पोलिस बायको गेल्यावर आत्महत्येच्या काठावर आहे. हलकंफुलकं म्हणून लावू नका.

थोडक्यात, गर्दी, गप्पा, येणं-जाणं असेल तर 'रश अवर'. तिघं-चौघं, फोन बाजूला, दुसऱ्या दिवशी सुट्टी, तर 'मिडनाइट रन'. वॉल्श शिकागोला घटस्फोटित बायकोच्या दारात जातो आणि मुलगी त्याला स्वतःचे साठवलेले पैसे देऊ करते, तिथे खोली शांत हवी.

आणि घरात आजी-आजोबा व पोरं दोन्ही असतील तर हे दोन्ही ठेवा बाजूला, महेश कोठारेंचा 'दे दणादण' (१९८७) लावा. महेश-लक्ष्या ही पोलिसांची जोडी, लक्ष्याला मारुतीकडून मिळालेली अचाट शक्ती, आणि लाल रंग दिसला की ती गुल. पोरांपैकी एक तरी लाल टी-शर्ट घालून बसलेलं असतंच.