आर्डवुल्फ: वाचून खेळायचा खेळ आणि वाचू न देणारा वेग

केवळ मजकुरावर चालणाऱ्या आणि अनेकांनी एकाच वेळी खेळायच्या ऑनलाइन खेळांना जगभर ‘मड’ म्हणतात. आपण कोठे उभे आहोत, समोर कोण आहे, दार कोणत्या दिशेला उघडते, हे सारे येथे वाक्यांतून कळते आणि आपले उत्तरही टंकलेल्या आज्ञेनेच द्यायचे असते. ज्या खेळावरून हे नाव रूढ झाले, तो रॉय ट्रबशॉ यांनी १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टल यांनी पुढे वाढवला. नंतर कोपनहेगन विद्यापीठातील पाच विद्यार्थ्यांनी १९९१ च्या सुमारास ‘डिकू’ नावाचा सांगाडा खुला केला आणि त्यावर शेकडो मड उभे राहिले. १९९६ पासून अखंड चालत आलेला आणि आजही नव्या खेळाडूंचे स्वागत करणारा ‘आर्डवुल्फ’ याच डिकू घराण्यातला आहे. त्याचेच हे परीक्षण.

निवडीविषयी आधी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण मड शोधायला निघालेला माणूस बहुधा याच टप्प्यावर कंटाळतो. ‘द मड कनेक्टर’सारख्या याद्यांमध्ये नावे भरपूर सापडतात, पण त्यांतले कित्येक खेळ चालू असूनही ओस असतात. सर्व्हर जागा असतो, वर्णने जागच्या जागी असतात आणि शहराच्या मुख्य चौकात आपल्याशिवाय कोणीही नसते. म्हणून यादीतील स्तुतिपर वर्णनावर विसंबू नये. आत शिरून ‘हू’ ही आज्ञा द्यावी, त्या क्षणी किती जण खेळत आहेत ते पाहावे आणि नवख्यांच्या चॅनेलवर, म्हणजे सर्वांना दिसणाऱ्या सामायिक गप्पांच्या धाग्यावर, एखादा साधा प्रश्न विचारून किती वेळात उत्तर येते याकडे लक्ष द्यावे. या दोन्ही कसोट्यांवर आर्डवुल्फ सहज उतरतो. ‘हू’ दिल्यावर पडदाभर नावे येतात आणि ‘न्यूबी’ चॅनेलवरच्या प्रश्नाला दोन-तीन जण जवळजवळ एकदमच उत्तर देतात. त्यांच्या उत्तरांत क्वचित मतभेद असतात, पण ते मतभेदही उपयोगी पडतात.

खेळायला पैसे पडत नाहीत. सर्व वर्ग (योद्धा, जादूगार असे पात्राचे पेशे), सर्व वंश आणि सर्व पातळ्या कोणालाही खुल्या आहेत. जोडणीसाठी आर्डमड डॉट ओआरजी हा पत्ता आणि ४००० हे पोर्ट, म्हणजे जोडणीचा क्रमांक, पुरते. टेलनेट या मजकुराची देवघेव करणाऱ्या जुन्या, साध्या प्रोग्रॅमवरूनही आत जाता येते, पण तसे करू नये. विंडोज वापरणाऱ्यांसाठी ‘मशक्लायंट’ या मोफत प्रोग्रॅमचे आर्डवुल्फसाठी खास सजवलेले पॅकेज उपलब्ध आहे. त्यात गप्पांसाठी वेगळी चौकट असते, पात्राची प्रकृती दाखवणारे पट्टे असतात आणि आपण जसजसे फिरू तसतसा नकाशा आपोआप काढला जातो. लिनक्स किंवा मॅकवर ‘मडलेट’ हा मुक्तस्रोत क्लायंट, म्हणजे मडशी जोडणारा प्रोग्रॅम, उत्तम चालतो. सारा व्यवहार अक्षरांचा असल्यामुळे इंटरनेट कितीही मंद असले तरी फारसे अडत नाही. जेथे व्हिडिओ दर मिनिटाला थांबतो अशा गावातल्या जोडणीवरही हा खेळ सुरळीत चालतो.

नवे पात्र प्रथम आयलोरियन अकादमीत दाखल होते, आणि ही अकादमी आर्डवुल्फची सर्वांत विचारपूर्वक बांधलेली जागा आहे. जुन्या मडमध्ये नवख्याला दहा पडदे भरतील एवढी सूचनावली वाचायला देऊन मैदानात सोडून देण्याची रीत होती. येथे मात्र ‘गोल्स’ आणि ‘टास्क्स’ या आज्ञांतून पुढचे लहानसे काम सतत समोर असते: अमुक खोलीत जा, तमुक वस्तू अंगावर चढव, या प्राण्याशी लढ. ते करता करता दिशा, पोशाख, लढाई आणि कौशल्ये यांच्या आज्ञा बोटांत बसतात. येथे घाई करण्यात अर्थ नाही. अकादमी उरकून टाकणारे पुढे चॅनेलवर जे प्रश्न विचारतात, त्यांतल्या बहुतेकांची उत्तरे अकादमीच्या भिंतींवरच लिहिलेली असतात.

खरा खेळ सुरू होतो तो मोहिमांपासून, ज्यांना येथे ‘कॅम्पेन’ म्हणतात. मोहीम मागितली की काही प्राण्यांची आणि पात्रांची यादी हाती पडते: प्रत्येकाचे नाव आणि तो ज्या प्रदेशात राहतो त्या प्रदेशाचे नाव. बाकीचा शोध आपला. मुख्य प्रदेशांच्या तोंडापर्यंत ‘रनटू’ ही आज्ञा पोहोचवते. आत गेल्यावर ‘व्हेअर’ विचारले तर आपले लक्ष्य ज्या खोलीत आहे तिचे नाव कळते, पण तिकडे जायची वाट कळत नाही. मग आठवायचे, की या नावाची खोली मागच्या खेपेस कोठे पाहिली होती, तळघराकडे की मनोऱ्यात. सापडल्यावर ‘कन्सिडर’ने प्रतिस्पर्ध्याची ताकद चाचपायची आणि मगच हात घालायचा. तेथे एकाच नावाचे तीन पहारेकरी उभे असतील तर नुसते ‘किल गार्ड’ लिहून पहिल्यावरच वार होतो; दुसरा हवा असेल तर ‘किल २.गार्ड’ असे लिहावे लागते. चुकीच्या पहारेकऱ्याशी झुंज सुरू झाली की ती निस्तरताना प्रकृतीचा आकडा भरभर खाली येतो आणि पळ काढण्यासाठी ‘फ्ली’ टंकेपर्यंत दोन घाव आणखी बसतात. चित्रांच्या खेळात माउसच्या एका टिचकीने उरकणारी गोष्ट येथे नीट वाचण्याची आणि नेमके लिहिण्याची परीक्षा होते, आणि मडची गोडी मला तरी यातच वाटते. मोहिमेतून मिळणाऱ्या ‘क्वेस्ट पॉइंट’वर चांगली शस्त्रे, चिलखते आणि अनेक सोयी घेता येतात. एका पातळीत एकच मोहीम पूर्ण करता येत असल्यामुळे पातळ्या भराभर ओलांडून जाण्यात तोटाच असतो.

पातळ्या दोनशे आहेत, आणि त्यांच्या वर २०१ ही शिखराची पातळी. तेथे पोहोचलेल्या पात्राला ‘रीमॉर्ट’ करून, म्हणजे नव्याने तळापासून सुरुवात करून, दुसरा वर्ग आपल्या अंगी जोडता येतो. असे सातही वर्ग जमले की पुढे ‘टिअर’ची, म्हणजे आणखी वरच्या श्रेणींची, चढण सुरू होते. हे ऐकून नवख्याची छाती दडपते, पण अनुभवी खेळाडूंना वर्षानुवर्षे खिळवून ठेवणारी रचना हीच आहे.

आता दोषाकडे. मजकुराच्या या खेळातले अनुभवी खेळाडू मजकूर वाचत नाहीत. ही अतिशयोक्ती नाही. पल्ला दोनशे पातळ्यांचा आणि तोही अनेक फेऱ्यांचा असल्यामुळे वेगाला महत्त्व येते. वेगासाठी खोल्यांची वर्णने लपवली जातात. मग विशिष्ट ओळ दिसताच ठरलेली आज्ञा आपोआप पाठवणारे ‘ट्रिगर’ लावले जातात. नकाशावर टिचकी मारून वीस खोल्या एका दमात ओलांडल्या जातात. सरतेशेवटी पडद्यावरून वाहणाऱ्या शेकडो ओळींतून डोळा फक्त रंग आणि आकडे टिपतो. संगणकासमोर हजर न राहता प्रोग्रॅमकडून खेळवून घेण्यास नियमांनी मनाई आहे आणि ती योग्यच आहे. पण समोर बसून अर्धवट यंत्रासारखे खेळणे हा रूढ रिवाज झाला आहे. यात खेळाडूंचा दोष थोडा आणि रचनेचा जास्त, असे माझे मत आहे. बक्षीस पोहोचण्याला मिळते, पाहण्याला मिळत नाही.

याचे वाईट अधिक वाटते ते अशासाठी, की वाचण्यासारखे पुष्कळ आहे. दोनशेहून अधिक प्रदेश वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या वर्षांत लिहिले गेले आहेत, आणि त्यांचा दर्जा त्यामुळेच विलक्षण कमी-जास्त आहे. एखाद्या प्रदेशात प्रत्येक खोलीला स्वतःचा वास आणि आवाज असतो आणि भिंतीवरची एखादी वस्तू ‘लुक’ने पाहिली तर पुढच्या कोड्याचा धागा हाती लागतो, शेजारच्याच प्रदेशात मात्र ‘तुम्ही रस्त्यावर आहात’ एवढ्यावर बारा खोल्या भागवलेल्या असतात. नव्या माणसाने पहिले काही आठवडे वर्णने चालू ठेवावीत, ट्रिगर एकही लावू नये आणि नकाशावरच्या टिचक्या टाळाव्यात, असे मी आग्रहाने सुचवीन. इंग्रजीविषयी म्हणाल तर वाक्ये साधी असतात. मराठी माध्यमात शिकलेल्या आणि इंग्रजी वर्तमानपत्र सावकाश वाचू शकणाऱ्या वाचकाला ती जड जाऊ नयेत. फक्त शस्त्रे, चिलखते आणि जुन्या वास्तूंचे भाग यांचे शब्द सुरुवातीला शब्दकोशात पाहावे लागतील.

माणसांची सोबत ही येथील मोठी जमेची बाजू आहे. ‘गॉसिप’वर जगातल्या कोणत्याही विषयावर बोलणे चालते, कोणी पातळी ओलांडली की ‘ग्रॅट्स’वर अभिनंदनांची रांग लागते, आणि तांत्रिक शंकांसाठी वेगळे चॅनेल आहे. दुसऱ्या खेळाडूने आपल्याला मारणे ही गोष्ट ऐच्छिक आहे. ज्याला त्या भानगडीत पडायचे नाही त्याच्या वाटेला कोणी जात नाही. अमेरिकेतील खेळाडूंची संख्या मोठी असल्यामुळे तिकडची संध्याकाळ, म्हणजे आपली सकाळ, ही सर्वांत गजबजलेली वेळ असते. रात्री जेवणे उरकून बसणाऱ्यांना तुलनेने शांत जग मिळते, आणि ज्यांना निवांत भटकायचे आहे त्यांच्या ते पथ्यावरच पडते.

मात्र ‘भूमिका वठवणे’ या अर्थाने रोल-प्लेइंग शोधणाऱ्याने येथे येऊ नये. आर्डवुल्फमध्ये बुटका योद्धा क्रिकेटपासून प्रोसेसरपर्यंत काहीही बोलतो आणि कोणाला त्यात वावगे वाटत नाही. ज्यांना पात्राच्या तोंडून बोलायचे आहे, शहरांच्या राजकारणात पडायचे आहे, त्यांनी १९९७ मध्ये सुरू झालेला ‘अकेया’ हा मड पाहावा. तेथील लढाई निव्वळ घाव मोजण्याची नाही. शत्रू पक्षाघात, दमा, मूढता अशा पीडा एकामागून एक लादत जातो आणि प्रत्येकीवर नेमकी मुळी खाऊन, मलम लावून किंवा चिलीम ओढून उतारा करावा लागतो. तो खेळही फुकट सुरू करता येतो, पण त्याचा डोलारा ‘क्रेडिट’ हे खेळातले चलन खऱ्या पैशांनी विकत घेणाऱ्यांवर उभा आहे, आणि जसजसे वर जावे तसतशी पैसे खर्च करणाऱ्याची आघाडी जाणवू लागते. खिशाला तोशीस नको असेल तर आर्डवुल्फ सरस, संवादांची हौस असेल तर अकेया.

आणखी एका बाबतीत आर्डवुल्फचे कौतुक केले पाहिजे. दृष्टिहीन खेळाडूंचा येथे चांगला वावर आहे आणि स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला, त्रासदायक ठरणारे नकाशे व सजावट बंद ठेवण्याची सोय आहे. एनव्हीडीएसारखा मोफत स्क्रीन रीडर वापरणाऱ्या आपल्याकडच्या वाचकाला डोळस खेळाडूंच्या बरोबरीने, त्याच नियमांनी खेळता येईल असे ऑनलाइन खेळ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. त्यांत याचे नाव निश्चित घ्यावे.

मोबाइलवर मात्र हा खेळ सोसत नाही. जोडणी होते, अक्षरेही दिसतात, पण अर्धा पडदा कीबोर्ड खातो आणि उरलेल्या अर्ध्यातून ओळी निसटत राहतात. कीबोर्डची स्वयंसुधारणा (ऑटोकरेक्ट) ‘न्यूबी’सारख्या आज्ञांचे भलतेच शब्द करून पाठवते. प्रवासात केवळ चॅनेलवरच्या गप्पा वाचण्यापुरता फोन चालेल. लढायला जायचे असेल तर खरा कीबोर्ड हवा.